उजवा माझा, डावा तिचा

बॉक्सिंगमध्ये मी लागोपाठ दोन वर्षं जिल्ह्यात पहिली आले. त्या दोन वर्षांत मी कुणाला एक ठोसा मारला नाही आणि मला कुणाचा एक ठोसा लागला नाही. माझा बचाव फार भक्कम होता असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. समोर कुणी नसायचंच.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पोरी खो-खोत पळतात, कबड्डीत दम टिकवतात, अलीकडे कुस्तीही खेळतात. बॉक्सिंगकडे मात्र कुणी फिरकत नसे. नाकाचं काय होईल आणि मग लग्नाचं काय होईल, हे दोन प्रश्न घरोघरी एकाच दमात विचारले जायचे. त्यामुळे जिल्हा स्पर्धेत एका वजनगटात फार तर एक मुलगी असायची. ती एकटीच रिंगणात चढायची, चारी बाजूंना वाकून नमस्कार करायची, पंच तिचा हात वर करायचे आणि ती खाली उतरायची. याला कागदावर ‘पुढे चाल’ म्हणतात. मी अशी दोनदा पुढे चालले. दुसऱ्या वर्षी मी नमस्काराला जरा जास्त वाकले, निदान काहीतरी मेहनत केल्यासारखं वाटावं म्हणून.

पदक घेऊन मी थेट अण्णांच्या दुकानात जायची. अण्णा म्हणजे माझे वडील. कळंबच्या मार्केट यार्डाच्या मागं त्यांचं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. कुस्तीचं त्यांना वेड. तांब्याच्या तारेनं काळवंडलेल्या बोटांत ते पदक उलटंसुलटं करायचे आणि एकच विचारायचे.

“समोर कोण होतं?”

“कुणी नव्हतं.”

“बरं,” म्हणायचे आणि पदक भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे. मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला “पोरगी जिल्ह्यात पहिली हाय” असं सांगताना त्यांचा आवाज चढायचा, पण तेव्हा ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मला हे फार लागायचं.

चौकात माझा फ्लेक्सही लागला होता. त्यावर मला वाघीण म्हटलं होतं. फोटोत मी तोंडासमोर मूठ धरून उभी होते, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते, आणि माझ्या सख्ख्या मावशीनं त्याखालून जाताना “ही कुणाची गं?” असं विचारलं होतं. फोटोतल्या हातात ग्लोव्ह एकच होता. दुसरा ग्लोव्ह, फोटो काढताना बाजूला उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या हातात होता.

आमच्या कॉलेजात बॉक्सिंगच्या ग्लोव्हजचा एकच जोड होता आणि बॉक्सर दोन. एक मी, दुसरी ती. ती बेंबळीची, शिकायला कळंबला मामाकडे राहिलेली. ती डावखुरी असल्यामुळे वाटणी सोपी झाली. उजवा माझा, डावा तिचा. निंबाला टांगलेल्या वाळू-भुश्शाच्या पोत्यावर आम्ही दोन बाजूंनी एकेका हातानं बडवायचो. दुसऱ्या हाताला जुन्या साडीचं फडकं गुंडाळलेलं. दोघींत मिळून एक पुरा बॉक्सर तयार होत होता, असं म्हणायला हरकत नाही.

आमचे सर मूळचे कबड्डीचे. बॉक्सिंग त्यांनी एका छोट्या शिबिरात आणि बाकीचं मोबाइलवर शिकून घेतलं होतं. त्यांचा एकच कायदा होता. पोत्याला मारा, हवेत मारा, स्वतःच्या सावलीला मारा, पण एकमेकींना हात लावायचा नाही.

“सर, एकदा तरी खेळू द्या की,” ती म्हणायची.

“कशाला? एका डब्यात जेवता तुमी. उगं लागलं-बिगलं तर उद्या बोलायच्या न्हाय एकमेकीला,” सर म्हणायचे. “सावलीशी खेळा. सावली उलटून मारत न्हाय.”

सावलीचा हा मोठाच गुण होता. पण आम्हाला नेमकी उलटून मारणारी कुणीतरी हवी होती.

अडचण अशी की आम्हा दोघींचं वजन जवळपास सारखं होतं, अठ्ठेचाळीसच्या अलीकडं-पलीकडं. दोघी एका गटात आल्या असत्या तर एकमेकींशी खेळावं लागलं असतं, आणि कॉलेजला एक सोनं आणि एक चांदी मिळाली असती. सरांना हे पटत नव्हतं. “एकीला सोनं आन् एकीला चांदी, ह्यात कुणाचं भलं झालं? दोघींला सोनं मिळायला पायजे,” असा त्यांचा हिशोब. बारावीच्या सवलतीच्या गुणांचाही त्यात विचार होता. म्हणून स्पर्धा जवळ आली की मी केळी खायची आणि तिनं उपाशी राहायचं. मी अठ्ठेचाळीसच्या वर सरकायची, ती खाली. सगळं प्रशिक्षण बाजूला ठेवून सर तेवढे दिवस काट्याजवळ उभे असत. रिंगणात आम्ही काय करतो याकडे त्यांनी कधी एवढं लक्ष दिलं नव्हतं.

जिल्हा जिंकल्यावर विभागीय स्पर्धा लातूरला. तिथं खऱ्या पोरी येतात, असं आम्ही ऐकून होतो. पहिल्या वर्षी माझ्या आईनं मनावर घेतलं. सरांनी वजन वाढवायला सांगितलंय म्हटल्यावर केळ्यांच्या जोडीला शेंगदाण्याचे लाडू आले, भाकरीवर लोणी आलं. लातूरच्या काट्यावर मी माझा गट ओलांडून पुढच्या गटात जाऊन बसले, आणि तिथं माझं नाव नव्हतं. तिकडं उपाशी राहून राहून तिला डॉक्टरांच्या तपासणीतच घेरी आली. आम्ही दोघी मैदानाबाहेर बसून राहिलेले लाडू खाल्ले. दुसऱ्या वर्षी काटा, डॉक्टर सगळं ठीक झालं असतं, पण आमची एसटी मुरुडच्या अलीकडे बंद पडली आणि आम्ही पोचलो तेव्हा वजनाची वेळ उलटून गेली होती. थोडक्यात, मी अपराजित राहिले.

संध्याकाळी आम्ही दोघी आमच्या ओट्यावर बसून मोबाइलवर मोठ्या स्पर्धा बघायचो. तिकडच्या पोरींच्या भुवया फुटायच्या, ओठ सुजायचे, आणि त्या हरलेल्या पोरी रडायच्या. आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा. अण्णाही मागं येऊन उभे राहायचे आणि कुस्तीच्या नजरेनं बघायचे. “अगं पायात घुस की तिच्या!” दोन बॉक्सर एकमेकींना बिलगल्या की त्यांना हुरूप यायचा, आणि पंच नेमके तेव्हाच सोडवायचे. “ह्यो कसला पंच? आता कुठं धरली हुती,” म्हणून ते दुकानाकडे निघून जायचे.

“आपल्यात कोण जितंल गं?” तिनं एकदा मोबाइलवरची नजर न काढता विचारलं.

मी म्हणाले, “म्या.” ती हसली नाही. मला ते रात्रभर टोचत राहिलं. मी खरंच बॉक्सर आहे की नुसती केळी खाणारी मुलगी, हे या जगात एकच माणूस मला सांगू शकत होतं, आणि ते माझ्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होतं.

ती संधी आली सरांच्या सासुरवाडीमुळे. तुळजापूर तालुक्यातल्या त्या गावच्या जत्रेत दरवर्षी कुस्त्यांचा फड भरतो. त्या वर्षी जत्रेच्या कमिटीला काहीतरी नवीन हवं होतं. कुणीतरी म्हणालं, जावयाकडं दोन सोन्याच्या पोरी आहेत, त्यांची बॉक्सिंग लावा. सासुरवाडीला नाही कसं म्हणणार? सरांनी सोलापूरहून पुरे दोन जोड ग्लोव्हज आणि डोक्याची हेल्मेटं मागून आणली. तांबड्या मातीच्या आखाड्यात चार बांबू रोवून ट्रॉलीचे दोर बांधले होते. घंटा म्हणून शाळेचा टोल आणून टांगला होता. हलगीवाले हजर होतेच.

“हे बघा, खेळून दाखवायचं,” सर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले. “जोरात मारायचं न्हाय. कळलं का?”

दोघींनी मान हलवली. इतक्या गुणी मुली त्यांना दुसरीकडे मिळाल्या नसत्या.

टोल वाजला. मी उजवा हात थोडा मागं घेतला आणि तेवढ्यात तिचा डावा माझ्या नाकावर आला. आयुष्यात मला लागलेला तो पहिला ठोसा. डोळ्यांत टचकन पाणी आलं. आधी मला राग आला नाही, नवल वाटलं. असं असतं तर हे! मग राग आला. मग मी मारलं, आणि माझ्या मुठीखाली पहिल्यांदाच वाळू नव्हती, माणूस होतं. मी इतकी खूश कधीच झाले नव्हते. लाउडस्पीकरवरचे निवेदक कुस्तीचे होते. त्यांनी आम्हाला सगळे कुस्तीचे डाव बहाल केले. “बेंबळीकरणीनं हूल दिली! कळंबकरीण डाव उलटवती का काय!” हलगी थांबायला तयार नव्हती आणि टोल वाजवणारा आमचा खेळ बघत टोल वाजवायचाच विसरला.

दुसऱ्या फेरीत माझा उजवा तिच्या कानशिलावर बसला आणि ती मातीत खाली बसली. मी हात वर केले. माझ्या मते मी जिंकत होते. पण लोक खवळले.

“पाठ कुठं लागली? पाठ लागली न्हाय अजून!”

“बसली म्हंजी हारली व्हय? उठ गं पोरी!”

ती उठली. नियमानं पंचांनी आकडे मोजायला हवे होते, पण पंच सर होते आणि ते दोर धरून सासऱ्यांकडे बघत होते. तिसरी फेरी सुरू झाली. माझ्या नाकातून रक्त येत होतं, तिचा डोळा मिटत चालला होता, आणि दोघींपैकी एकीलाही थांबायचं नव्हतं. आता कळणार होतं. आणखी थोडा वेळ, आणि कळलं असतं.

तेवढ्यात कुस्तीच्या फडाचे एक वयस्कर पंच चपला काढून, मातीला हात लावून तो कपाळाला लावत, दोराखालून आत आले. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर ठोसा कसा टाकणार? आम्ही थांबलो. त्यांनी आमची दोघींची मनगटं धरली आणि एकदम वर केली.

“बरोबरीत सोडवली! दोघी बी आपल्याच लेकी हायत!”

टाळ्या. शिट्ट्या. हलगी. जत्रेच्या कुस्तीत हे नेहमीचंच. दोन तोलामोलाचे गडी अडकून बसले, किंवा प्रकरण हातघाईवर यायला लागलं, की जाणती माणसं मध्ये पडतात आणि दोघांचीही अब्रू राखतात. आमची अब्रू राखायला कुणी सांगितलं नव्हतं. सरांचा चेहरा असा उजळला की बस. जन्मभर ज्यासाठी काट्याजवळ उभे राहिले ते त्या म्हाताऱ्यांनी एका झटक्यात करून दिलं होतं. आमच्या डोक्याला फेटे बांधले, हातात नारळ दिले. माझ्या फेट्याला नाकातलं रक्त लागलं तर फेटा बांधणारा म्हणाला, “ऱ्हाऊ दे, गुलालच दिसतोय.”

अण्णाही आले होते. ते खूश होते. “बरोबरीत सुटली, लई झ्याक झालं. दोघींची अब्रू ऱ्हायली,” असं ते भेटेल त्याला सांगत होते. मला त्या क्षणी नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता.

परतताना आम्ही दोघी टेम्पोच्या मागच्या बाजूला बसलो होतो.

“तू खाली बसली हुतीस,” मी म्हणाले.

“पाय घसरला माझा. नाक कुणाचं फुटलं?”

“म्याच जितले असते.”

“व्हय व्हय. सपनात.”

पुढं कळंब येईपर्यंत कुणी बोललं नाही. सर ज्याला घाबरत होते ते अखेर झालंच. फक्त ते मारामारी केल्यामुळे नाही, ती अर्धी राहिल्यामुळे झालं.

बारावीनंतर सरांनी तो जुना, फाटका जोड आम्हालाच देऊन टाकला. तिनं डावा उचलला, मी उजवा उचलला. तिचं लग्न अणदूरकडे झालं. लग्नात मी अक्षता टाकायला उभी होते, आणि अंतरपाटाच्या पलीकडून तिनं माझ्याकडे बघून डावी मूठ किंचित वळवली. भटजींना दिसली नाही. मला दिसली.

मी खेळाचीच पदवी घेतली आणि आता कळंबच्या एका शाळेत शिकवते. मुलाखतीत माझी प्रमाणपत्रं बघून साहेब म्हणाले होते, “वा, एकदाही हरला नाहीत!” जिल्हा स्पर्धेत मी पंच असते. रिकाम्या रिंगणात एकेक पोरगी चढते, चारी बाजूंना वाकते आणि मी तिचा हात वर करते. माझ्या शाळेत सध्या सारख्या वजनाच्या दोन पोरी आहेत, दोघी चांगल्या हाताच्या. या वर्षी त्यातल्या एकीला मी केळी खायला सांगितली. आपल्या अनुभवाचा फायदा पुढच्या पिढीला झालाच पाहिजे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या मार्गशीर्षात तिचा फोन आला. मधल्या काळात आमचं बोलणं सणावाराला, तेही जेवढ्यास तेवढं.

“चंपाषष्ठीला ये जेवायला. भरीत-रोडगा हाय.”

“येते की.”

“आन् येताना उजवा घिऊन ये.”

पेटीच्या तळाशी ग्लोव्ह सापडला. आतून उंदरांनी थोडा खाल्ला होता. मी तो पिशवीत घातला, वर तिच्या सासूसाठी खण-नारळ ठेवला आणि एसटीत बसले.

जेवणं झाली. घरातले पुरुष देवळाकडे गेले. ती मला घरामागच्या खळ्यावर घेऊन गेली. एका अंगाला म्हशी बांधलेल्या, एका अंगाला तिच्या सासूबाई तुरीच्या शेंगा पसरून बसलेल्या. तिनं पदर खोचला, डाव्या हातात डावा चढवला, उजव्याला फडकं गुंडाळलं. मी माझा उजवा चढवला. सासूबाईंनी मान वर केली.

“काय गं, भांडण झालं का काय?”

“न्हाय आत्याबाई. लई दिवसाचं राह्यलेलं हाय.”

“मंग उरका की. पर माज्या शेंगा तुडवू नका.”

मी शिकवणारी बाई. माझं पायांचं काम तिच्यापेक्षा चांगलं होतं, हे मी आजही सांगेन. सुरुवातीला मी तिच्या खांद्यावर एक आणि गालावर एक असे दोन चांगले लावले. पण शाळेत मी शिट्टी वाजवते, आणि ती रोज म्हशी पिळते, कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर वाहते. तिचा दम संपेना. माझा संपला. हात जरासा खाली आला आणि तिचा डावा आला, डोळ्याच्या खाली, अगदी जाऊन बसला. मी भुश्शात मटकन बसले.

कान गुणगुणत होते. म्हशी रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या. मी वाट बघितली. का कोण जाणे, कुणीतरी चपला काढून मध्ये येईल, असं मला वाटत होतं.

“आत्याबाई,” मी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “बरोबरीत सोडवा की.”

सासूबाईंनी हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

“कशाची बरोबरी, बाई? हारलीस की तू.”

मला रडू आलं. मोबाइलवरच्या त्या पोरींसारखं, तोंड वाकडं करून. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि आतून कुठंतरी हलकंही वाटत होतं. ती माझ्या शेजारी भुश्शात येऊन बसली. तिचा गाल सुजला होता.

“लई लागलं का गं?”

“लई,” मी म्हणाले. “तुझा डावा लई वाईट हाय.”

“तुझा उजवा बी,” ती म्हणाली. मग ती उठून पाणी आणायला गेली.

कळंबला उतरल्यावर मी आधी दुकानात गेले. अण्णांनी भरत असलेली मोटार बाजूला सरकवली आणि माझ्या काळ्यानिळ्या पडलेल्या डोळ्याकडे बघितलं.

“समोर कोण होतं?”

“तीच.”

“मंग?”

“हारले.”

“सोडवली न्हाय कुणी बरोबरीत?”

“न्हाय.”

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं आणि बराच वेळ तो डोळा न्याहाळला. एवढं नीट त्यांनी माझं एकही पदक बघितलं नव्हतं. “चांगला हाय हात तिचा,” म्हणाले, आणि आईला बर्फ आणायला फोन केला.

सोमवारी मैदानावर माझ्या त्या दोन पोरी डोळे विस्फारून उभ्या राहिल्या.

“मॅडम, कुणी मारलं?”

“माझ्या मैत्रिणीनं,” मी म्हणाले. “चला, ग्लोव्हज घाला दोघी. पोत्याकडं न्हाय, एकमेकींकडं तोंड करा. आणि यंदा दोघी एकाच गटात खेळणार.”

त्यांनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग माझ्याकडे. केळीवालीनं भीत भीत विचारलं, “पर मॅडम, मंग ह्या केळ्यांचं काय करू?” तिच्या आईनं सकाळीच ताजी बांधून दिली होती. मी ती तिच्या हातातून घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. जबडा हलवताना डोळ्याखाली कळ येत होती, आणि केळी जरा कच्चीच होती.